पाचवा थेंब

माणूस भेटला की झाफिरा आधी त्याचे कान बघायची. चेहरा नंतर.

बाजारात, बसमध्ये, कुणाच्या लग्नात, सगळीकडे तेच. पाळी जाड की पातळ, रक्त पटकन येईल की चोळावं लागेल, हे तिला लांबूनच कळायचं.

सकाळी चीज भरलेली बानित्सा खाताना ती कडेचा कुरकुरीत भाग तोडून बाजूला ठेवायची आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर ठेवायची. तिला तोच भाग सर्वांत जास्त आवडायचा.

कापसाचे बोळे ती तीन ओळींत मांडायची. पहिली ओळ पाण्याची, दुसरी स्पिरिटची, तिसरी कोरडी. एखादा बोळा गोल नसला तर काढून टाकायची.

कुणाला कधी 'दमलीस का' असं विचारायची नाही. 'बादली डावीकडे आहे' एवढंच सांगायची.

सव्वीस वर्षं ती वल्हवण्याच्या यंत्राशेजारी उभी राहिली, पण त्याच्यावर एकदाही बसली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, मी मापं घेणारी बाई, मी माप देत नसते.

घाम, थुंकी, ओकारी यांचं तिला काही वाटायचं नाही. चाचणीच्या शेवटच्या पायरीनंतर एखादी मुलगी बादलीत रिकामी व्हायची, कधी बादलीच्या बाहेरही. झाफिरा तोंडातला घास चावत चावत लाकडाचा भुसा टाकायची, झाडूने ओढायची, हात धुवायची आणि उरलेली बानित्सा संपवायची. शिसारी तिला वेगळ्याच गोष्टींची यायची. अत्तर फवारून सरावाला येणाऱ्या माणसाची. आणि क्लबचे डॉक्टर काराजोव बोटाला थुंकी लावून अहवालाची पानं उलटायचे, त्याची. त्या बोटाकडे ती बघायची नाही. खिडकीबाहेर बघायची.

खिडकीबाहेर कालवा होता. प्लोवदिव शहराचा, दोन किलोमीटर सरळ, पट्टीने आखल्यासारखा. वल्हवण्याच्या क्लबची प्रयोगशाळा प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं. उंच मुलींना आत येताना वाकावं लागायचं, आणि वल्हवणाऱ्या मुली सगळ्याच उंच.

काम साधं होतं. मुलगी आधी नुसती बसते. कानाच्या पाळीला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब काचेच्या बारीक नळीत घ्यायचा, नळी मोजणीयंत्रात घालायची. हा शून्याचा थेंब. मग मुलगी यंत्रावर चार मिनिटं वल्हवते, थांबते, पुन्हा थेंब. मग जोर वाढवून चार मिनिटं, पुन्हा थेंब. अशा पाच पायऱ्या. शरीरावर भार वाढला की रक्तात लॅक्टेट साचत जातं. ज्याचं शरीर तयार असतं त्याचं उशिरा साचतं. पाच थेंबांचे पाच ठिपके कागदावर जोडले की एक वाकडी रेघ तयार होते, आणि त्या रेघेवरून मुलीचा हिवाळा कसा गेला ते समजतं. ती मेहनत करत होती की उबेला बसली होती ते.

फक्त एक पथ्य होतं. कान स्वच्छ हवा. घामात लॅक्टेट खूप असतं. घामाचा अंश थेंबात मिसळला की आकडा फुगतो. म्हणून पाणी, स्पिरिट, कोरडा बोळा. आणि वर येणारा पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. नवीन आलेल्या प्रत्येकाला झाफिरा हे सांगायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की बाई फार कर्मठ आहे.

तिने टोचलेला पहिला कान हारालांपीचा होता. तेव्हा तो एकवीस वर्षांचा, खांद्यांचा नुसता दरवाजा. सुई बघून तो खुर्चीवरून खाली घसरला होता. आता तो मुलींचा प्रशिक्षक होता. पोट सुटलं होतं, सायकलवरून काठाकाठाने फिरायचा, सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफलं पाण्यात थुंकायचा आणि भोंग्यातून ओरडायचा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. शरीर खोटं बोलत नाही. मुलींना ते झोपेतही ऐकू यायचं.

देनित्सा त्याला आवडत नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तो लपवत नव्हता.

ती वीस वर्षांची, रोदोपीच्या डोंगरातल्या तंबाखू पिकवणाऱ्या गावची. मांडीचं हाड इतकं लांब की एका ओढीत नाव इतरांपेक्षा हातभर पुढे जायची. आणि ओढीचा क्रम शिकवावा लागला नव्हता. आधी पाय, मग पाठ, मग हात. बहुतेकींचे हात घाई करतात आणि जोर वाटेतच सांडतो. देनित्साचा जोर टाचेतून निघायचा तो थेट वल्ह्याच्या पात्यापर्यंत जायचा. झाफिराला यंत्रामागे उभं राहून तिच्या पाठीकडे बघत राहायला आवडायचं.

मागच्या शरद ऋतूत तिच्या बरगडीत दुखायला लागलं. हारालांपी म्हणाला, स्नायू आखडलाय, वल्हव. तिने आठवडाभर वल्हवलं. मग कुणाला न सांगता ती इस्पितळात गेली आणि छातीचा फोटो काढून आणला. बरगडीला बारीक चीर होती. वल्हवणाऱ्यांना होते तशी, रोजच्या त्याच त्या ओढीने पडलेली. सहा आठवडे विश्रांती. हारालांपीने तो फोटो उजेडासमोर धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काचेची आहे पोरगी. जपून ठेवा, कपाटात." त्या दिवसापासून तिचं नाव 'काचेची' पडलं. तो चुकला होता हे त्या फोटोत दिसत होतं, आणि तेच त्याला सलत होतं.

मे महिन्याच्या शेवटी युरोपातल्या तेविशीखालच्यांच्या स्पर्धेसाठी नावं जायची होती. दोघींच्या नावेत एक जागा पक्की होती, दुसरी मोकळी. देनित्सा किंवा योआना. योआना शांत मुलगी होती, हारालांपी सांगेल ते करणारी. पाण्यावर देनित्सा पुढे असायची. पण चाचणीचा कागद लागणार होता, आणि चाचणी मंगळवारी होती.

त्याआधीच्या रविवारी ऊन एकाएकी कडक पडलं. मुली तीन तास पाण्यावर होत्या. देनित्साने केस वर बांधले होते. सोमवारी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा तिचे दोन्ही कान भाजलेल्या ढोबळ्या मिरचीसारखे झाले होते. पाळीवर पाणी धरलेले बारीक फोड.

झाफिराने ते बघितले. समोरच्या टपरीवरून तिने दह्याचा डबा आणला, मुलीला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही कानांना जाड थर लावला. आपल्याकडे उन्हाने भाजलं की आईही हेच करते, आजीही. मुलगी डोळे मिटून बसली. थंड दही मानेवरून ओघळलं.

"मावशी, आता माझ्यात काकडी चिरून घाल," ती म्हणाली.

"गप्प बस. सकाळी उठल्यावर पुन्हा लाव. डबा घेऊन जा."

मंगळवारी सकाळी देनित्साने दही पुन्हा लावलं. चाचणीला येण्याआधी टॉवेलने टिपलं. झाफिराने पहिल्या ओळीतला बोळा उचलला आणि पाळीवर टेकवला, तशी मुलीने दातांतून श्वास ओढला. बोळ्यावर कातडीचा पापुद्रा आला. झाफिराचा हात थांबला. सव्वीस वर्षांत थांबला नव्हता. तिने दुसरा बोळा चोळला नाही, नुसता लावल्यासारखा केला. तिसरा उचललाच नाही. पोरीला आता आणखी काय सोलायचं, असं तिला वाटलं.

शून्याचा थेंब पाच पूर्णांक एक आला.

बसल्या जागी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. पाच म्हणजे मुलगी जिने चढून पळत आल्यासारखी. झाफिराला वाटलं, मोजणीयंत्र बिघडलं. तिने आकडा आधीच माहीत असलेल्या द्रावाने ते तपासलं. यंत्र ठीक होतं. तिने डॉक्टर काराजोवांना सांगितलं. ते म्हणाले, मुलगी घाबरली असेल, चालू ठेवा. हारालांपी भिंतीला टेकून उभा होता. त्याने आकडा ऐकला, आणि तोंडात टाकायला उचललेली बी तशीच हातात धरून राहिला.

पाचही पायऱ्यांचे आकडे फुगलेले आले. नाडी मात्र हिवाळ्यात होती तेवढीच. ओढ तीच, जोर तोच, श्वास तोच. रक्तच फक्त वेगळं. संध्याकाळी फळ्यावर कागद लागला. देनित्साच्या नावापुढे लिहिलं होतं, तयारी असमाधानकारक. मुली एकमेकींकडे बघत होत्या. देनित्सा कागदाकडे बघत होती. मग ती झाफिराकडे वळून म्हणाली, "मावशी, मी हिवाळाभर काय केलं मग?" तिचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता.

उत्तर झाफिराला बुधवारी जेवताना मिळालं. तिचा नवरा मेतोदी, ट्रॉलीबसचा निवृत्त चालक, उन्हाळ्यात स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचा, कारण उन्हाळ्यात शिजवावं लागत नाही. त्याने तारातोर केला होता. दही, पाणी, काकडी, शेपू, लसूण.

"लसूण जरा जास्त पडलाय," तो म्हणाला. "पण आता आपल्याला हुंगायला कोण येतंय."

झाफिराने वाडगा रिकामा केला. ती उठली नाही. वाडग्याच्या काठावर दह्याची पांढरी कड वाळली होती. तिने नखाने खरवडली. निघाली नाही. बोट ओलं करून घासली, तेव्हा निघाली.

दही आंबट कशाने होतं, हे तिला शाळेतल्या पोरासारखं माहीत होतं. सव्वीस वर्षं ती तेच लॅक्टेट तर मोजत होती. रक्तात असतं ते थेंबभर, दह्यात असतं ते चिक्कार. आणि तिने स्वतःच्या हाताने ते मुलीच्या कानावर थापलं होतं. वर दया येऊन कान पुसला नव्हता.

मेतोदीने विचारलं, बाधलं का काही. ती म्हणाली, हो.

गुरुवारी सकाळी सात वाजता, कुणी यायच्या आत, झाफिराने स्वतःच्या कानाला दही लावलं. वाळू दिलं. टॉवेलने टिपलं, स्पिरिटचा बोळा नुसता टेकवला आणि आरशात बघून सुई टोचली. पाच पूर्णांक सहा. मग दुसरा कान. त्यालाही दही, आणि मग तीन बोळे, कातडी लाल होईपर्यंत. एक पूर्णांक दोन. माप न देणाऱ्या बाईने माप दिलं. दोन्ही आकडे तिने एका कागदावर लिहिले आणि कालव्यावर गेली.

हारालांपी सायकलवर होता. ती बाजूने चालू लागली, तसा त्याने वेग कमी केला. तिने सगळं सांगितलं. दही, फोड, न पुसलेला कान. चूक माझी आहे, मुलीची नाही, असं दोनदा सांगितलं. तो बिया सोलत ऐकत होता. टरफलं पाण्यावर तरंगत होती.

"झाफिरा," तो म्हणाला, "तू तुझं काम केलंस. यंत्राने त्याचं केलं. आता मला माझं करू दे."

"यंत्राने दही मोजलं, हारालांपी."

"मग दह्याची तयारी कमी पडली." तो स्वतःशीच हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याने पाय जमिनीला टेकवले आणि सायकल थांबवली. आवाज खाली आणला. "हे बघ. बसल्या जागी पाच? मी काय दुधखुळा आहे? मला मंगळवारीच कळलं होतं. दही की घाम ते ठाऊक नव्हतं, पण आकडा खोटा आहे एवढं कळलं होतं."

"आणि बोलला नाहीस."

"मी कशाला बोलू? तुझा आकडा होता. तू तर पहिला थेंबसुद्धा पुसून टाकणारी बाई."

त्याने हे प्रेमाने म्हटल्यासारखं म्हटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला बियांचं मीठ होतं. तो हात पडल्यावर तिला स्वतःसाठी बादली हवीशी वाटली. बादलीजवळ उभ्या राहणाऱ्या बाईला, आयुष्यात पहिल्यांदा. ती काठावर बसली. तो निघून गेला. थोड्या वेळाने भोंग्यातून त्याचा आवाज आला. पाय, पाठ, हात. पाय, पाठ, हात.

डॉक्टर काराजोवांना भेटायला त्या दिवशी संध्याकाळचे साडेचार वाजले. ते दिवसभर बैठकीत होते. झाफिराने अहवाल मागितला. त्यांनी बोटाला थुंकी लावली, पान काढलं आणि तिच्यासमोर सरकवलं. पानाच्या कोपऱ्यावर ओला डाग होता. तिने तो बघितला आणि मग तक्ता बघितला. तक्त्यात पाच ओळी होत्या. शून्याची ओळ नव्हती.

तिने विचारलं, शून्याचा थेंब कुठे गेला.

"तो आकडा चुकीचा होता, झाफिराबाई," डॉक्टर म्हणाले. "चुकीचे आकडे अहवालात ठेवायचे नसतात."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सगळे आकडे खोटे आहेत हे सांगणारा एकच आकडा होता. तो खोटा म्हणून काढला, तर बाकीचे खरे उरले. कागद किती नेटका दिसत होता. कुठे खाडाखोड नाही, शाई फुटलेली नाही. ओकारीवर भुसा टाकता येतो. यावर काय टाकायचं, तिला कळेना.

तिने आपला कागद पुढे केला. पाच पूर्णांक सहा, एक पूर्णांक दोन. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला. मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, नवी चाचणी लावता येईल. यादी उद्या बारा वाजता जाते. त्याआधी पाचही पायऱ्या पूर्ण हव्यात, अर्धवट चाचणी चालत नाही. फक्त एक करा. आधीच्या चाचणीत चूक तुमच्याकडून झाली, एवढं लिहून सही करा. कारणाशिवाय चाचणी पुन्हा कशी लावणार.

झाफिराने लगेच लिहिलं. कान पुसला नाही, निष्काळजीपणा माझा. सहीखाली आडवी रेघ मारली. घड्याळात पाच वाजले होते. तिला हलकं वाटलं. जाताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा तिने तो धरलासुद्धा. घरी जाऊन तिने साबणाने दोनदा धुतला.

शुक्रवारी साडेसातला देनित्सा आली. दाराशी वाकली. कानाची कातडी सुटून खाली नवी गुलाबी आली होती. काय झालं होतं ते झाफिराने तिला आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. ते ऐकून मुलगी म्हणाली होती, म्हणजे मी आळशी नव्हते ना.

"आज दुखेल," झाफिरा म्हणाली.

"दुखू दे."

"रडलीस तरी चालेल. हलू नकोस."

पाणी. स्पिरिट. कोरडा. झाफिराने चोळलं, आणि मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान हलली नाही. पहिला थेंब पुसला. दुसरा नळीत घेतला. मोजणीयंत्र थोडं थांबलं आणि आकडा आला. एक पूर्णांक शून्य.

झाफिराने बानित्साची कड तोडून मुलीच्या हातावर ठेवली. मुलीने ती खिशात ठेवली. नंतर खाईन म्हणाली.

पहिली पायरी, एक पूर्णांक तीन. दुसरी, एक पूर्णांक आठ. प्रत्येक वेळी तीन बोळे, कारण आता घाम येत होता. झाफिरा यंत्रामागे उभी राहून त्या पाठीकडे बघत होती. पाय सरळ होतात, मग कंबर उघडते, मग खांद्याची पाती एकमेकींकडे येतात, आणि साखळी झपकन मागे. तिसरी, दोन पूर्णांक नऊ. चौथी पायरी संपली तेव्हा मुलगी यंत्राच्या दांड्यावर ओणवी झाली होती. पाच पूर्णांक शून्य. हिवाळ्यातल्यापेक्षा चांगला. झाफिराने खिडकीजवळच्या खिळ्याला लावलेल्या कागदावर चौथा ठिपका काढला, पेन्सिलीने तिसऱ्याला जोडला आणि रेघ जराशी पुढे नेली.

तेवढ्यात दार उघडलं. हारालांपी आणि त्याच्यामागे डॉक्टर. हारालांपीने अत्तर मारलं होतं. त्याने कागद बघितला, ओठ पुढे काढले.

"छान रेघ आहे," तो म्हणाला. "वाया गेली बिचारी. यादी काल दुपारी चारलाच गेली की."

झाफिराने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

चारला यादी गेली. पाचला हिने सही केली. मग सही कशाला हवी होती? हे समजायला तिला फार वेळ लागला नाही. उद्या कुणी तक्रार केली, मुलीने, तिच्या घरच्यांनी, कुणीही, तर कपाटात एक कागद तयार होता. बाईच्या हातचा, बाईच्या सहीचा. निष्काळजीपणा माझा.

ते खरंही होतं. तिला त्याचीच जास्त शिसारी आली. खोटं लिहून घेतलं असतं तर नाकारता तरी आलं असतं. यांनी तिच्याकडून खरं लिहून घेतलं होतं आणि त्याचं पायपुसणं केलं होतं.

यंत्रावर देनित्साने सगळं ऐकलं होतं. ती कुणाकडे वळली नाही. मध्यंतराची सेकंदं संपली, यंत्राने पीप केलं, आणि तिने दांडा ओढला. पाचवी पायरी. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

चार मिनिटं खोलीत साखळीचा आवाज होता आणि मुलीच्या श्वासाचा. तिसऱ्या मिनिटाला तिची मान लाल झाली, घसा घरघरू लागला, पण क्रम मोडला नाही. पाय, पाठ, हात. हारालांपी नकळत पुढे सरकला होता. त्याचे ओठ हलत होते, तो ओढी मोजत होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते बघून झाफिराला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्याला आनंद होत होता. इतकं चांगलं वल्हवणारं शरीर बघून त्याला खराखुरा आनंद होत होता. ते नावेत बसणार नव्हतं, याने त्यात काही कमी पडत नव्हतं.

यंत्र थांबलं. मुलगी डावीकडे बादलीवर वाकली आणि तशातही तिने सवयीने उजवा कान वर केला.

झाफिराने पाणी लावलं, स्पिरिट लावलं, कोरडा बोळा फिरवला. टोचलं. पहिला थेंब पुसला. दुसरा वर आला, गोल, गडद. तिच्या हातात काचेची नळी होती.

डॉक्टरांनी बोटाला थुंकी लावली आणि वहीचं पान उलटलं. पेन उघडलं. हारालांपी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. अत्तराचा भपकारा आला.

"घे लवकर," तो म्हणाला. "किती येतो बघू. पुढच्या वर्षी कामाला येईल."

थेंब पाळीवर थरथरत होता. झाफिराने नळी खाली ठेवली. कापूस घेतला, थेंबावर दाबला आणि दाबून धरला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. "चाचणी अपूर्ण राहील."

मुलीने बादलीतून मान वर केली, ओठ पुसले आणि विचारलं, "मावशी, किती?"

"तुझं तुला ठाऊक आहे," झाफिरा म्हणाली.

मुलीने थोडा विचार केला. मग मान डोलावली आणि खिशातून बानित्साची कड काढली.

झाफिराने बादलीभोवती भुसा टाकला. झाडूने ओढला. हातमोजे काढले, हात धुतले. उरलेले बोळे तीन ओळींत होते, तसेच राहू दिले. दाराशी ती वाकली नाही, तिला गरज नव्हती, ती बुटकी होती.

ती परत आली नाही. निरोपसमारंभाला बोलावलं तेव्हा मेतोदीने फोन घेतला आणि सांगितलं की तिला बाधलंय. देनित्सा जुलैमध्ये रुसे शहरात गेली, डॅन्यूब नदीवर. तिथल्या क्लबात ती वल्हवते. पाण्याला ओढ फार आहे, असं तिने झाफिराला पत्रात कळवलं होतं. कान बरे आहेत, असंही.

तो कागद अजून त्या तिरक्या छताच्या खोलीत आहे, खिडकीजवळच्या खिळ्याला. काढायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. चार ठिपके, पेन्सिलीने जोडलेले. चौथ्यापासून रेघ जराशी वर निघाली आहे, बोटाच्या पेराएवढी, आणि तिथे पेन्सिल उचललेली आहे. पाचव्या ठिपक्यासाठी तिने कागदावर आधीच बारीक जागा आखून ठेवली होती. ती रिकामी आहे.